बैलाची गाठ

घोडी आमची नव्हती. कुणाचीच नव्हती, आणि मला तिच्यात आवडलं होतं ते हेच. आता गावातले लोक माझी पाठ थोपटतात, की बाई, तुम्ही जंगली जनावर माणसात आणलं. ऐकलं की माझ्या अंगावर काटा येतो. काय झालं ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झालं, तरी लोक असंच म्हणतात. म्हणून एकदा नीट लिहून काढते आहे.

आमचं गाव हिंगणीच्या पुढे, बोर धरणाच्या अंगाला. शेताचा धुरा, म्हणजे बांध, संपला की नाला आणि नाल्याच्या पलीकडे झुडपी जंगल. एका उन्हाळ्यात त्या बाजूला वीटभट्टी लागली होती. भट्टीवाले परत गेले तेव्हा विटा वाहून थकलेली एक घोडी इथंच सोडून गेले. ती गाभण होती. तिचं शिंगरू झुडपातच जन्मलं आणि ते वर्षाचंही झालं नव्हतं तेव्हा आईला वाघानं नेलं. मग ते शिंगरू, हीच ती घोडी, रोह्यांच्या कळपात राहू लागलं. नीलगायीला आमच्याकडे रोही म्हणतात. रोह्यांनी तिला हुसकून का लावलं नाही, कोण जाणे.

आमच्या ह्यांनी तिला पहिल्यांदा पाहिलं ते हरभऱ्यात. घरी येऊन म्हणाले, "अवं, आपल्या हरभऱ्यात एक रोही हाय, अन् त्याले आयाळ हाय."

"डोळे तपासून घ्या," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः गेले. पाच-सहा रोही चरत होते आणि त्यांच्या मधोमध ही. तांबूस, पोट खपाटीला गेलेलं, कान ताठ. मला पाहून सगळे उधळले. रोही नाला ओलांडून झुडपात शिरले, ही मात्र काठावर थांबली आणि वळून माझ्याकडे बघत राहिली. तेवढ्यावरच मी फसले.

आजूबाजूच्या शेतकऱ्यांनी फटाके लावून तिला पळवून लावायचं ठरवलं. माझा स्वभाव पहिल्यापासून तापट. "माह्या हरभऱ्यात खाते ते, तुमच्या पोटात काऊन दुखते?" असं मी भर चौकात विचारलं. एकदा बोलून बसल्यावर मग ती माझीच जबाबदारी झाली. दया वगैरे नंतर आली. खरं कारण असं की मुलगी सासरी, मुलगा नागपूरला नोकरीत, बैलजोडी तीन वर्षांपूर्वी विकलेली, गोठ्यात एकटी गाय. दिवसभर रागवायला आणि बोलायला मला कुणी उरलं नव्हतं.

मी धुऱ्यावर तुरीचं कुटार टाकायला लागले. मळणीनंतर जो भुसा उरतो तो. ती खायची, पण मी असेपर्यंत नाही. हळूहळू कुटाराचा ढीग मी रोज दहा पावलं घराकडे सरकवत नेला. आमचं घर शेतातच आहे. उन्हाळा लागेपर्यंत ती अंगणापर्यंत आली. सकाळी अकराच्या सुमारास यायची, ऊन उतरलं की निघून जायची. येण्याची वेळ तिची, जाण्याची वेळ तिची.

तिचे नियम होते आणि ते आम्हाला शिकावे लागले. हातातलं काही खायची नाही. गूळ दगडावर ठेवायचा आणि आपण पाठ फिरवायची. मान वळवून चोरून बघितलं तरी तिला कळायचं आणि ती थबकायची. हौदावर गायीच्या आधी तिनं कधी तोंड लावलं नाही. पावसात शेडखाली यायची नाही, शेडच्या भिंतीला लागून बाहेर भिजत उभी राहायची. फाटक लावलेलं तिला खपायचं नाही. लावलं की अंगणभर फेऱ्या मारायची. शेवटी ह्यांनी फाटकच उचकटून विहिरीमागे टाकलं. पाहुणे आले की त्यांच्याकडे ढुंगण करून उभी राहायची, मग तो सरपंच असो की माझा सख्खा भाऊ. ह्यांच्या मोटारसायकलवर तिचा कसला राग होता माहीत नाही, पण सीटचा एक कोपरा तिनं चावून टाकला. हे चिडले नाहीत. तेवढ्या भागावर पिशवी बांधून गाडी चालवायला लागले.

आषाढात ती मानेला हात लावू द्यायला लागली, मग पाठीला. तोंडाला नाही. माझा हात गालाकडे गेला की डोकं वर उचलायची आणि पुढचे दोन दिवस माझ्याकडे बघायचीही नाही. मला मात्र तेच हवं होतं. रोज मी एक बोट पुढं न्यायचे आणि मागं घ्यायचे. आपल्या पोटच्या मुलांसाठी मी एवढा धीर कधी धरला नाही. तिनं एकदा तरी आपणहून तोंड माझ्या हातात द्यावं, एवढंच मनात होतं.

श्रावणात एका दुपारी मी पायरीवर तांदूळ निवडत बसले होते. ती आली, सुपाचा वास घेतला, तांदळाला तोंड लावलं नाही, आणि मग तिनं आपलं तोंड माझ्या उघड्या तळहातावर टेकलं. मऊ, गरम, ओल्या गवताच्या वासाचं. मी हलले नाही. पायाला मुंग्या आल्या तरी हलले नाही. किती वेळ गेला सांगता येत नाही. हे शेतातून आले, लांबच थांबले आणि बघत राहिले. त्या दिवशी मी फार सुखात होते.

त्यानंतर पंधरा दिवसांनी पोळा आला.

पोळ्याला गावातल्या सगळ्या जोड्या आखरात, म्हणजे गुरं गोळा होतात त्या मैदानात, आंब्याच्या तोरणाखाली उभ्या राहतात. मग तोरण तुटतं आणि प्रत्येक जण आपली जोडी घेऊन घरी येतो. घरची बाई दारात तिचे पाय धुते, पूजा करते, पुरणपोळी खाऊ घालते. तीन वर्षं आमच्या दारात जोडी आली नव्हती. मी पाटावर मातीचे बैल मांडून पूजा करायचे. हे त्या दिवशी सेलूला काहीतरी काम काढून निघून जायचे आणि अंधार पडल्यावर परत यायचे. काय काम होतं ते मी कधी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

म्हणून मी म्हटलं, यंदा हिला न्या.

"ते काय बैल हाय?" हे म्हणाले.

"गोठ्यातलं जनावर तर हाय. जोडी नसंल, पन रिकाम्या हातानं तर जाऊन नाई राह्यले तुमी."

मग म्हणाले, "तिले दोरी चालत नाई. तुले मालूम हाय."

"माह्यापासून चालते," मी म्हटलं. आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकतात तसं तिच्या खांद्यांना मी हळद-लोणी चोळलं. आमच्याकडे बैलाला त्या वेळी जेवणाचं बोलावणं करतात, ते मी तिला केलं, "आज आवतन घे, उद्या जेवाले येजो." ती उभी राहिली. त्या रात्री पहिल्यांदाच ती गेली नाही, भिंतीला लागून थांबली. मला तो शकुन वाटला.

सकाळी मी मोरकी बांधली. मोरकी म्हणजे जनावराच्या तोंडाभोवती आणि कानामागून बांधायची दोरी, तिलाच पुढं हातात धरायचा कासरा जोडतात. माझ्या सासऱ्यांच्या वेळी ती अंबाडीची असायची, घरी वळलेली. आता अंबाडी कोण पेरतं? ह्यांनी सेलूच्या बाजारातून नायलॉनची आणली होती, लाल-पिवळी, चकचकीत. गाठ मी बांधली, कारण तोंडाला हात लावू द्यायची ती फक्त मला. आणि मला येत होती ती एकच गाठ, बैलाची. ती सरकती असते. बैलानं ओढलं की आवळते, आवळली की बैल थांबतो. आमच्या पिढ्यान् पिढ्या बैलाबरोबर गेल्या, हाताला दुसरी गाठच माहीत नाही. घोडं आवळल्यावर थांबत नाही, पळतं, हे सांगणारं घरात कुणी नव्हतं, आणि मी कुणाला विचारलंही नाही.

तिनं तोंड माझ्या हातात दिलं होतं, मी त्याच्यावर दोरी घातली. ती फक्त एकदा फुरफुरली. मी म्हटलं, "थोडा येळ राह्य बाई, संध्याकाळी सोडतो." कपाळावर बेगड चिकटवली, गळ्यात झेंडूची माळ घातली. हे नवा पांढरा शर्ट घालून कासरा धरून निघाले तेव्हा त्यांची चाल तीन वर्षांपूर्वीची झाली होती. मी बायकांबरोबर मागं राहिले. लोक हसले, कुणी मोबाइलवर चित्रण केलं, पण वाईट कुणी बोललं नाही. उलट जुन्या लोकांनी तिला ओळीत जागा करून दिली.

झडत्या सुरू झाल्या तोवर ती उभी होती. एक जण पोळ्याचं गाणं म्हणायचा, शेवटी सगळे मिळून ओरडायचे, आणि प्रत्येक ओरडीला तिच्या पाठीची कातडी थरथरायची. ते मला लांबून दिसत होतं. तेव्हा जाऊन मला दोरी सोडता आली असती. पण पूजेचं ताट घरी तयार होतं. पोळ्या झाकून ठेवल्या होत्या. थोडाच वेळ उरला होता.

तोरण तुटलं, फटाक्यांची माळ लागली आणि ती उधळली. ह्यांनी कासरा मनगटाला गुंडाळला होता, बैलवाल्याची सवय. वीसेक हात ते फरफटत गेले. दोन बोटं मोडली, ती आजही सरळ होत नाहीत. कासरा सुटला आणि ती बैलांमधून, माणसांमधून, कालव्याच्या कडेनं जंगलाकडे गेली. तोंडाला ती लाल-पिवळी दोरी आणि मागं लोंबणारा कासरा.

पाच दिवसांनी ती नाल्यापलीकडे दिसली, रोह्यांमध्ये. कासरा कुठंतरी अडकून तुटला होता, मोरकी तशीच होती. मी गूळ दगडावर ठेवला, पाठ फिरवली आणि वाट पाहत बसले. मागं आवाज आला नाही. मी उठून घरी गेल्यावर, पार दिसेनाशी झाल्यावर, ती आली आणि गूळ खाऊन गेली. दुसऱ्या दिवशीही तसंच. मला वाटलं, हरकत नाही, आठ महिन्यांनी हाताशी आली होती, पुन्हा येईल.

पण या वेळी आठ महिने तिच्याजवळ नव्हते. ती दोन वर्षांची, वाढीच्या वयाची. उधळताना गाठ एकदा आवळली होती, ती आता सैल होणार नव्हती, आणि डोकं मोठं होत होतं. दिवाळीपर्यंत दोरीच्या कडेनं केस गेले. हरभरा फुलावर आला तेव्हा तिला जबडा पुरता उघडता येत नव्हता. कोवळे शेंडे तेवढे खुडायची, चावताना निम्मे खाली पडायचे. अंबाडीची दोरी असती तर एका पावसाळ्यात कुजून गळून पडली असती. नायलॉन कुजत नाही. हे मी स्वतःला किती वेळा सांगितलं असेल, आणि दर वेळी सांगून झाल्यावर आठवायचं की दोरी कुठलीही असो, बांधणारी मीच.

ह्यांनी गावातले दहा-बारा लोक जमवून तिला घेरायचा प्रयत्न केला. ती नाल्याचा कडा चढून वर गेली आणि पुढे महिनाभर दिसली नाही. त्यानंतर गूळही दगडावरच पाघळून जायला लागला. गुरांचे डॉक्टर भले माणूस होते. दुर्बिणीतून बघून म्हणाले, "वैनी, हात लावता आला तर दोन मिनिटांचं काम हाय. हात कसा लावायचा ते तुमी सांगा." लांबून भुलीचं इंजेक्शन मारायची बंदूक जंगल खात्याकडे असते असं कळलं, म्हणून मी अर्ज घेऊन एका कचेरीत गेले. तिथले साहेब नीट बोलले, चहासुद्धा दिला. पण त्यांच्या लेखी घोडी वन्यप्राणी नव्हती. दुसऱ्या कचेरीत विचारलं, जनावर कुणाच्या मालकीचं? मी म्हटलं, माझं. तोंडातून असं पहिल्यांदाच निघालं होतं. ते म्हणाले, तुमचं आहे तर तुम्हीच धरून आणा. मी बाहेर येऊन बस स्टँडवर बसले आणि दोन बस सोडल्या. कुठं जायचं तेच सुचेना.

त्या हिवाळ्यात आमच्या घरात फार कमी बोलणं झालं. हे मला दोष देत नव्हते. मोडलेली बोटं चोळत बसायचे. एकदा मीच चिडून म्हटलं, "बोला ना एकदाचं, माह्यानं झालं म्हनून!" तर म्हणाले, "मी काऊन बोलू? मलेबी तर हौस होती." त्यापेक्षा त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

वैशाखात नाला आटला. एका दुपारी मी भांडी घासत होते आणि हौदापाशी ती उभी दिसली. हाडांवर कातडी तेवढी राहिली होती. दोरी दिसतच नव्हती, नाकावर मांसात एक खाच होती आणि तिच्यात माश्या. तिला पाणी ओढून घेता येत नव्हतं, नुसती तोंड बुडवून उभी होती. मी कोयता घेतला आणि चालत गेले. ती पळाली नाही. मला वाटलं, ओळखलं. वाटलं, माफ केलं. जवळ गेल्यावर बघितलं तर चारही पाय लटपटत होते. पळण्याइतकी ताकदच नव्हती, एवढंच.

हे धावत आले, त्यांनी मान धरली, मी खाचेत बोट घालून दोरी उचलली आणि कापली. तिच्याबरोबर काय काय निघालं ते लिहीत नाही. ती ओरडली नाही. सुटल्यावर मी तिच्या गालाला हात लावायला गेले, तर तिनं तोंड बाजूला वळवलं. तेवढं एकच तिला जमण्यासारखं होतं. त्या क्षणी मला लाज वाटली, पण आज सांगते, ती तिच्या मर्जीची शेवटची गोष्ट होती. त्यानंतर तिनं कुणापासून तोंड फिरवलं नाही.

ती जगली. डॉक्टर महिनाभर येत होते. दिवसातून दोनदा जखम धुवायची, मलम भरायचं, पेज पाजायची, आणि त्यासाठी बांधून ठेवावं लागायचं. सुरुवातीला हात लावला की थरथरायची. पंधरवड्यानं थरथरणं थांबलं आणि मी वेडी खूश झाले. ह्यांना हाक मारून दाखवलं. आता ती अंगावर भरली आहे, नाकावर पांढरा पट्टा राहिला आहे. कुणी गूळ धरला तर हातातून खाते. पाऊस आला की शेडखाली नेऊन उभं करावं लागतं, नाहीतर जिथं असेल तिथंच भिजते. दोरी सोडली तरी खुंट्यापाशीच उभी असते. मागच्या महिन्यात मी तिला नाल्यापर्यंत नेलं. पलीकडे रोही चरत होते. तिला सोडलं, पाठ फिरवली आणि घराकडे चालू लागले. मागून पावलं वाजायला लागली. पुढं कुणीही चाललं की ती त्याच्या मागं चालते.

श्रावण अर्धा सरला आहे. काल गावची गुरं चारणारा ढोरकी अंगणात थांबला, म्हणाला, "वैनी, यंदा बिनघोर नेजो पोळ्यात. लय गरीब झाली घोडी." गरीब म्हणजे शांत, गुणी. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. बोलता बोलता त्यानं तिच्या तोंडावर दोन थापा मारल्या, खालचा ओठ धरून दात बघितले, आणि चालता झाला. ती उभी होती. डोळेसुद्धा मिटले नाहीत. मी तिच्यासमोर बसले आणि तळहात उघडा केला. तिनं तोंड टेकलं नाही, काढूनही घेतलं नाही. मग मीच हात पुढं नेऊन तिच्या गालावर ठेवला. ढोरक्याला ठेवू दिला होता तसाच तिनं मलाही ठेवू दिला.